कायोटीसाठी पहिला सापळा: एमबी-५५० घ्यावा का?

अमेरिकेत मेंढ्या, कोंबड्या किंवा वासरं पाळणाऱ्याला कायोटीचा (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातल्या तिथल्या जंगली जनावराचा) बंदोबस्त करायचा असेल, तर गाडी पहिल्यांदा अडते ती सापळ्याच्या निवडीवर. दुकानात क्रमांक दीड, पावणेदोन, दोन, तीन अशा मापांचे पायसापळे टांगलेले असतात आणि नवखा माणूस हमखास स्वस्तातला एक डझन उचलतो. त्याऐवजी मिनेसोटा ब्रँडचा एमबी-५५० घ्यावा का? घ्यावा. पण डझन नको, सहा पुरेत. उरलेले पैसे मेखा आणि चाळणीवर घालावेत. असं का, ते पुढे सांगतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच एक गोष्ट. आपल्याकडे कायोटी नाही, आणि कोल्हा किंवा लांडगा सापळ्यात धरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हे सगळं उत्तर अमेरिकेपुरतं, आणि तिथेही परवाना हातात असेल तरच.

आता सापळा. मिनेसोटातल्या पेनॉकच्या मिनेसोटा ट्रॅपलाइन प्रॉडक्ट्सचा हा कॉइल स्प्रिंगचा पायसापळा. उघडल्यावर जबड्यांमधला आतला गाळा सव्वापाच इंचांच्या आसपास भरतो. कायोटीच्या पुढच्या पंजाचा ठसा साधारण अडीच इंच लांब आणि दोन इंच रुंद असतो, म्हणजे पॅनच्या (पाय पडला की सापळा मिटवणाऱ्या मधल्या चकतीच्या) मधोमध पाय पडला तर पकड बोटांवर न बसता पंजाच्या गादीच्या वर बसते. दीड नंबरच्या सापळ्यातही कायोटी सापडतो, पण तो मुळात लहान कोल्ह्यांसाठीचा. त्यात नेम दोन इंच चुकला की फक्त एखादं बोट अडकतं, आणि बोटावर धरलेला कायोटी बहुधा सुटतो. असा सुटलेला कायोटी पुढे सापळ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

५५० चे जबडे जाड कडांचे आहेत. हा दिखाऊपणा नव्हे. कड जितकी रुंद तितका दाब पसरतो, कातडी कमी फाटते, आणि पाय बधिर न झाल्यामुळे जनावर तो चावत बसत नाही. ऑफसेट प्रकारात जबडे मिटल्यावरही मध्ये थोडी फट राहते. रबर लावलेल्या जबड्यांचाही प्रकार मिळतो. साखळीची कडी तळपट्टीच्या मध्यभागी असल्याने ओढ सरळ रेषेत येते आणि सापळा पायाभोवती पिळत नाही. स्वस्तातल्या क्रमांक तीनमध्ये साखळी एका टोकाला असते, जबडे पातळ असतात आणि खटक्याची खाच (जबडा उघडा धरणारा खटका पॅनला जिथे अडकतो ती) ओबडधोबड असते. तोही सापळा चांगला करता येतो, पण तळपट्टी वेल्ड करा, जबड्यांवर सळईचा थर चढवा, खाच कानशीने घासा, साखळीला फिरक्या (साखळी पिळू न देणाऱ्या फिरत्या कड्या) लावा, असं सगळं करावं लागतं. वेल्डिंग येणाऱ्याने जरूर करावं. नवशिक्याला मात्र सापळा चुकला की आपण चुकलो हेच कळत नाही, म्हणून पहिल्या हंगामात हा संशयच नको.

अमेरिकेतल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांची संघटना, असोसिएशन ऑफ फिश अँड वाइल्डलाइफ एजन्सीज, सापळ्यांच्या चाचण्या घेऊन प्राण्यागणिक शिफारशी काढते. इजा किती, पकड किती, नको ते प्राणी किती, वापर सोपा आणि सुरक्षित आहे का, हे सगळं त्यात पाहतात. पकडीची अट अशी की सापळा उडाला, म्हणजे मिटला, तर किमान ६० टक्के वेळा जनावर हाती लागलं पाहिजे. कायोटीसाठीच्या यादीत ५५० आहे.

खोक्यातून काढून थेट जमिनीत पुरायचा सापळा मात्र हा नव्हे. कारखान्याचं तेल त्यावर असतं आणि त्याचा वास कायोटीला मातीखालूनही येतो. धुण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात सापळे उकळा, तवंग आधी काढून टाका (तवंगातूनच सापळे बाहेर काढलेत तर तेल परत चिकटतं) आणि स्वच्छ पाण्याने धुवा. मग काही दिवस बाहेर टांगा. लालसर, हलका गंज चढू द्यावा, कारण चकचकीत पोलादावर रंग धरत नाही. त्यानंतर लॉगवूड या झाडाच्या लाकडापासून काढलेल्या रंगात किंवा काळ्या अक्रोडाच्या सालीच्या काढ्यात काळपट होईपर्यंत उकळा. मेण चढवायचं की नाही यावर दोन तट आहेत. मेणाने गंज थांबतो आणि सापळा झटकन उडतो हे खरं, पण खटका आणि पॅनची खाच जिथे टेकतात तिथलं मेण खरवडून काढलं नाही तर सापळा नुसत्या धक्क्यानेही उडतो. शिवाय वितळलेलं मेण उघड्या ज्वाळेवर पेट घेतं. घराबाहेर, झाकण हाताशी ठेवून आणि मंद आचेवर जमत असेल तरच करा. पहिल्या वर्षी नुसता रंग चालतो.

पॅनचा ताण हा ५५० चा सगळ्यात मोठा गुण, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पॅनच्या बिजागरीचा स्क्रू आवळून ताण वाढवता येतो. कायोटीसाठी दोन ते तीन पौंड ठेवा. त्याहून हलका ठेवला तर स्कंक, ऑपॉसम आणि ससे असे लहान प्राणी रात्रभर सापळे उडवत राहतात. फार जड ठेवला तर जपून पाय टाकणारा कायोटी पॅनवर पाय ठेवूनही निघून जातो. मोजायचं साधन नसेल तर लिटरभर पाण्याची भरलेली बाटली तोल सांभाळून पॅनवर टेकवा. ते वजन झालं साधारण सव्वादोन पौंड. ते पॅनने पेललं पाहिजे आणि दीड लिटरच्या बाटलीला सापळा उडाला पाहिजे. पॅन जबड्यांच्या पातळीत आडवा हवा आणि खटक्याचं टोक खाचेच्या अगदी कडेवर. टोक खाचेत खोल गेलं की पॅन आधी थोडा सरकतो, मग उडतो, आणि पायाखाली सरकती जमीन लागली की कायोटी पाय काढून घेतो. पॅन नीट करताना हात नेहमी मोकळ्या जबड्याच्या (खटक्याने न धरलेल्या) खालून घाला, वरून कधीच नको.

स्प्रिंगा दोन की चार? कोरड्या, भुसभुशीत मातीत दोन पुरतात. चिकण किंवा गोठणाऱ्या मातीत थर फोडून वर यायला चार बऱ्या. पण चार स्प्रिंगांचा सापळा हाताने दाबणं नवख्याला जड जातं. दोन्ही पायांनी दाबा किंवा दाबायचं अवजार घ्या.

आता जे सापळ्यासोबत येत नाही ते. कायोटीचं वजन २० ते ५० पौंडांत असतं, पण त्याच्या हिसक्याचा अंदाज वजनावरून बांधू नये. घट्ट मातीत अर्धा इंच जाडीची आणि २४ इंच लांबीची सळईची मेख चालते. वाळूत ती पहाटेपर्यंत वर येते, म्हणून तिथे दोन मेखा एकमेकींना तिरप्या छेदून ठोका किंवा तारेचा जमीन-अँकर वापरा. अँकर ठोकून झाल्यावर तार वर ओढायला विसरू नका. ओढल्याशिवाय तो आडवा होत नाही, आणि आडवा न झालेला अँकर सुरीसारखा सरळ बाहेर येतो. साखळी आखूड, फूटभराची ठेवा. लांब साखळीत जनावर धाव घेऊन हिसका मारतं आणि इजा वाढते. फिरक्या किमान तीन: सापळ्याला एक, साखळीच्या मध्ये एक, मेखेला एक. एकही फिरकी मातीत किंवा गवतात जाम झाली की साखळी पिळते आणि पुढचं सगळं बिघडतं.

सापळा कुठे लावायचा यावर निम्मं यश ठरतं. शेताची कड, दोन कच्च्या वाटांचा तिठा, कुंपणाचा कोपरा, टेकड्यांमधली खिंड अशा जागी ताजे ठसे आणि विष्ठा शोधा. मग वाटेच्या ज्या अंगाने वारा येतो त्या अंगाला सापळा लावा, म्हणजे वास वाहत वाटेवर येईल. ज्या वाटेने गुरं जातात ती टाळा.

नवशिक्याने एकच पद्धत पक्की करावी, ती बिळाची. गवताचा झुबका किंवा ढेकूळ पाठीला घेऊन त्याच्या बुडाशी ४५ अंशांत तिरपं भोक करा, तोंड तीन इंच आणि खोली सहा ते दहा इंच. कुणीतरी उंदीर पुरून ठेवलाय असं ते दिसलं पाहिजे. भोकाच्या तोंडापासून पॅनच्या मध्यापर्यंत अंतर आठ इंचांच्या आसपास ठेवा, आणि सापळा भोकाच्या सरळ रेषेत न ठेवता एक-दोन इंच बाजूला सरकवा. कायोटी नाक भोकावर नेतो तेव्हा पुढचे पाय नाकाच्या रेषेच्या दोन्ही अंगांना असतात. सापळ्याच्या मापाचा खळगा खणा. मेख खळग्याच्या तळाशीच ठोका आणि साखळी सापळ्याखाली गोळा करा.

यानंतर येते ती बैठक, आणि वेळ घालवायचा तर तो इथेच. सापळा खळग्यात ठेवून जबड्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर बोटाने दाबून पाहा. किंचितही डुगडुगला तर उचला, खाली माती भरा आणि परत बसवा. मग जबड्यांबाहेर आणि स्प्रिंगांभोवती माती बोटांनी ठासा. पॅनखाली मात्र माती जाता कामा नये. तिथे पोकळी राहावी म्हणून पॅनवर जाळीचा किंवा मेणकागदाचा तुकडा घाला, तो जबड्यांच्या आत बसेल एवढाच. वरून पाव इंच जाळीच्या चाळणीने कोरडी माती पाव ते अर्धा इंच पसरा. खडा एकही नको. जबड्यात अडकलेला एक खडा अख्खी पकड घालवतो. शेवटी अंगठ्याएवढं आमिष भोकात, त्यावर गवताचा बोळा, भोकाच्या ओठावर गंधाचा थेंब आणि पाठीच्या झुबक्यावर कायोटी मूत्राची पिचकारी. गंधाची बाटली छोटीच घ्या. नवशिक्यांसाठीच्या संचात सहा-सहा बाटल्या असतात आणि त्यातल्या पाच बिनकामाच्या. आमिष आणि गंध हाताळताना हातमोजे वेगळे वापरा. गंधाच्या हाताने सापळा बसवलात तर कायोटी भोकाऐवजी सापळा उकरेल.

सकाळी जागेवर काय दिसतं, त्यावरून चूक कळते. सापळा उकरून उघडा पडलाय? एक तर बैठक डुगडुगत होती किंवा पोलादाला वास होता. उडलाय, रिकामा आहे आणि जबड्यात केस? अंतर चुकलं, पाय पॅनच्या कडेला पडला. पुढच्या वेळी सापळा इंचभर सरकवा आणि पॅनशेजारी पाय अडेल असा खडा किंवा काडी ठेवा. उडलाय आणि केसही नाहीत, तर ताण हलका आहे किंवा एखाद्या लहान प्राण्याचं काम. ठसे पॅनवर आहेत पण सापळा उडालाच नाही, तर पॅनखाली माती गेली किंवा वरचा थर गोठला. रात्री ओल आणि पहाटे गोठण असेल तर मातीऐवजी कोरडा पीट मॉस (वाळवलेलं शेवाळ) किंवा मेण मिसळलेली माती लागते. ही माती आधी करून कोरडी ठेवावी लागते, ऐन थंडीत जमत नाही.

कायद्याची बाजू इथे टाळून चालणार नाही, कारण तुमच्या राज्यात हा सापळा चालत नसेल तर बाकी सगळं वाया. कोलोरॅडोत १९९६, कॅलिफोर्नियात १९९८ आणि वॉशिंग्टनमध्ये २००० साली मतदारांनी पायसापळ्यांवर कडक निर्बंध आणले. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगामच नाही. कुठे सापळा २४ तासांत तपासावा लागतो, कुठे मुदत जास्त. बऱ्याच राज्यांत सापळ्यावर मालकाच्या ओळखीची पट्टी लागते, काही ठिकाणी प्रशिक्षण सक्तीचं आहे. कॅनडात १९९७ च्या आंतरराष्ट्रीय मानवी सापळा-मानकांच्या करारातल्या प्राण्यांत कायोटी आहे, म्हणून तिथे प्रमाणित सापळेच घ्यावे लागतात. आणि मुदत काहीही असो, सूर्योदयाला सापळ्यावर हजर राहणं जमत नसेल तर सापळा लावू नका. रात्रभर धरलेलं जनावर दिवसभर तसंच ठेवणं क्रूरपणा आहे आणि त्यात ते सुटण्याची शक्यताही वाढते.

शेजारच्या कुत्र्याचा पाय अडकू शकतो, म्हणून फासकाठी (टोकाला फास असलेली काठी) आणि खाच पाडलेली प्लायवूडची फळी गाडीत हवीच. फळी मध्ये धरून पाय खाचेतून बाहेर काढायचा, म्हणजे चावा बसत नाही. कायोटीचा शेवट कवटीवर नेमाने मारलेल्या .२२ बंदुकीच्या एका गोळीने करतात. त्यासाठीचे नियमही राज्यागणिक पाहा. हात लावताना रबरी मोजे घाला. खरूज, रेबीज आणि फीतकृमी ही कारणं पुरेशी आहेत.

मागवायचा तर ऑफसेट जबड्यांचा, दोन स्प्रिंगांचा घ्या. कुत्री फिरतात अशा जागेसाठी रबरी जबड्यांचा बघा. मात्र रबर झिजतं, चावून फाटतं आणि बदलावं लागतं, त्यामुळे सुटे पट्टेही त्याच वेळी मागवा. सोबत प्रत्येक सापळ्यामागे दोन मेखा, कारण एक तर हमखास मातीत राहते. गुडघ्याखाली घ्यायला एक ताडपत्रीचा तुकडा हवा, खळग्यातली माती त्यावर टाकली की जागेभोवती ताजी माती विखरून राहत नाही. ज्याला फक्त कोंबड्यांचं खुराडं वाचवायचं आहे त्याने हा खर्च करूच नये. खाली जाळी वाकवून पुरलेलं कुंपण आणि विजेची एक तार त्याचं काम करते, आणि ती तपासायला रोज पहाटे उठावं लागत नाही.