सेव्हन किट: पाच महिने चालवल्यावर, मुख्यतः एका बुशविषयी

मागच्या रविवारी दिंडोरीजवळ मेहुण्याच्या द्राक्षबागेत माझी सेव्हन, म्हणजे जुन्या ब्रिटिश लोटस सेव्हनच्या धर्तीवर सुट्या भागांच्या किटमधून घरीच जोडलेली छोटी गाडी, न्यूट्रलला आली आणि पुढे कुठलाच गियर घेईना. दांडा वरणातल्या डावासारखा गरगर फिरत होता, खाली गियरबॉक्सला त्याचा पत्ता नव्हता. खरड छाटणीला आलेली चार माणसं कात्र्या खोचून आली, ढकलत शेडपर्यंत नेली. मेहुणा ट्रॅक्टरवरून बघत होता. "दाजी, याच पैशात ब्लोअर आला असता. फवारणीला तरी कामी पडला असता." तेव्हा हे रागाच्या भरात लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

किटमध्ये काय काय येतं ते सगळ्यांना पाठ असतं, ती यादी देत नाही. माझी गाडी मारुती ओम्नीच्या सामानावर आहे. सेव्हनला ओम्नी म्हटलं की लोक हसतात. पण मागची चाकं फिरवणारी, इंजिन, गियरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, अ‍ॅक्सल सगळं एका रांगेत देणारी दुसरी स्वस्त गाडी दाखवा. जिप्सी आहे, तिचा भाव ऐकून मी फोन ठेवला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गियर. कार्बोरेटरवालीच शोधली, म्हणजे वायरिंगची कटकट नको. आरसी रद्द झालेली ओम्नी अंबड लिंक रोडच्या एका भंगारवाल्याकडून ३८ हजारांना उचलली. सीटा, दारं, काचा विकून त्यातले ११ हजार परत काढले.

बांधायला तेरा महिने लागले, तेही रविवार आणि सुट्ट्या धरून. पाथर्डी फाट्याला आमचं रो-हाऊस, त्याचं पार्किंग हेच गॅरेज. शेजारच्या काकांनी ग्राइंडरच्या आवाजाबद्दल दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा स्वतःच पाना धरायला आले. चॅसीला नाव ठेवायला जागा नाही. एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज, वेल्डिंग एकसारखं. दोन्ही कर्ण मोजले तर दोन मिलिमीटरचा फरक. फायबरचं नाकाड आणि मडगार्ड मुकाट बसले, बॉनेट एका बाजूने थोडं घासावं लागलं. इथवर पाचपैकी साडेचार.

आता गियर. ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, गियरबॉक्स त्याच्या मागे, त्यामुळे दांड्यापासून रॉड मागे जातो. सेव्हनमध्ये ड्रायव्हर इंजिनाच्याही मागे. म्हणजे रॉड उलट्या बाजूने आणायचा, आणि नुसता उलटवला तर पहिल्याच्या जागी दुसरा पडतो. म्हणून किटवाल्याने मध्ये दिशा पलटवणारा एक रिले लिव्हर दिलाय. कल्पना झकास आहे. पण तो लिव्हर फिरतो दोन बुशांवर, म्हणजे आत बसवलेल्या छोट्या पोकळ नळ्यांवर, आणि ते बुश नायलॉनचे! शेजारी चार बोटांवर सायलेन्सरचा पाइप.

दिवाळीनंतर थंडीत गियर लोण्यासारखे पडायचे. जानेवारीत दांडा ढिला झाला. फोन केला तर पलीकडून, "सर, तुम्ही गियर जोरात टाकता." अहो, आजवर माझ्या एकाही गाडीचा गियरबॉक्स उघडावा लागलेला नाही. शेवटी बुश वॉरंटीत फुकट मिळाले, कुरिअर मात्र टू-पे, ११० रुपये. मार्चमध्ये पुन्हा तेच बुश, पुन्हा तेच ११०. चाळीस रुपयांच्या नायलॉनसाठी मी २२० रुपये वाहतूक भरली, आणि एप्रिलच्या उन्हात तेही बसले.

माहितीपुस्तिका म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सहा धूसर फोटो. मूळ लोटस सेव्हनची गोष्ट यावर आठवते. कॉलिन चॅपमनच्या कंपनीने १९५७ साली ती गाडी आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची. सांगतात की त्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या, गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून वाचायच्या. त्यांना निदान कर वाचवायचा होता. आमच्या किटवाल्याने जीएसटी पूर्ण घेतलाय, मग सूचना का नाहीत?

इथवर मंगळवारी रात्री लिहिलं होतं, दोनच तारे देणार होतो. बुधवारी संध्याकाळी बागेत जाऊन लिव्हर खोलला. बॅटरीच्या उजेडात त्याच्या शेजारी चॅसीला दोन भोकं दिसली, आतला पावडर कोट जसाच्या तसा. म्हणजे तिथे बोल्ट कधी लागलाच नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला. किटच्या खोक्यात काटकोनात वाकवलेला एक पत्रा होता, बरोबर दोन भोकांचा. पॅकिंगचा समजून मी तो बाजूला टाकला होता. गेलं वर्षभर तो आमच्या तुळशीच्या कुंडीखाली आहे. सायलेन्सरची धग अडवायचा पत्रा होता तो.

म्हणजे निम्मी चूक माझी, त्याचा एक तारा वाढवला. किटवाल्याला फोन करून तसं सांगितलंही. तो हसला नाही, याचा आणखी अर्धा. तरी माझं म्हणणं तेच आहे. सहा फोटोंत त्या पत्र्याचा एकही नाही, आणि सायलेन्सरशेजारी नायलॉन बसवणाऱ्याने पत्र्यावर एवढा भरवसा ठेवू नये. साडेतीन तारे, आणि त्यावर मी ठाम आहे.

नंबर प्लेटबद्दल कोणीतरी विचारणारच. मिळत नाही. ओम्नीच्या आरसीवर असा सांगाडा चढवायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीच्या मूळ बनावटीत बदल करू न देणारं, आडवं येतं. नवी गाडी म्हणून दाखवायची तर नियम १२६ प्रमाणे नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास व्हावा लागतो, ते कारखान्यांचं काम. त्यामुळे गाडी फ्लॅटबेडवर घालून बागेत नेली, ३,५०० रुपये, आणि तिथेच ठेवली. तोडणीच्या काळात शेड क्रेटांनी भरली तेव्हा तिने ताडपत्रीखाली दिवस काढले. आतल्या सिमेंटच्या रस्त्यावर १९० किलोमीटर झाले. एकूण खर्च ३ लाख ६१ हजार, म्हणजे किलोमीटरला १,९०० रुपये. बायकोने हा भागाकार देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

चालवायला कशी आहे? वजनकाट्यावर ५३० किलो भरली, ओम्नीपेक्षा अडीचशेच्या आसपास कमी. ताकद बेताचीच, चाकं १२ इंची, लांबून खेळण्यातली वाटतात. पण कोपर बाहेर काढलं तर हात जमिनीला लागेल इतकं खाली बसून, दोन्ही बाजूंनी मांडव पळत असताना तिसरा गियर पडतो, तेव्हा चाळीसचा वेगही ऐंशीसारखा वाटतो. मेहुण्याने रविवारी सगळ्यांसमोर ब्लोअरचं ऐकवलं खरं. पण चावी कुठे ठेवतो हे त्याला माझ्याआधी ठाऊक असतं.

पत्रा तुळशीखालून काढून बसवला, तिथे आता एक शहाबादी फरशी आहे. बुश अंबडला एका टर्नरकडून गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचे, करून घेतले, दोन्हींचे मिळून १८० रुपये. बाहेरून १८ मिलिमीटर, आतून १२, लांबी २२. आत तेलाची खाच मारायला आधीच सांगा. मी विसरलो, परत गेलो, तर त्याने वीस रुपये वेगळे घेतले.