फरचं जॅकेट किनाऱ्यावर धुताना: टप की मशीन?

आमची मुलगी दिल्लीला नोकरी करते. शिमग्याला घरी आली की तिचं कृत्रिम फरचं जॅकेट बॅगेतून बाहेर निघतं आणि नोव्हेंबरपर्यंत गुहागरला आमच्याकडेच राहतं. मधले चार महिने पावसाचे. ते जॅकेट धुवून, नीट वाळवून ठेवायचं काम चार वर्षांपासून मी अंगावर घेतलं आहे. या चार वर्षांत ते दुकानात देऊन झालं, टपात धुऊन झालं आणि मशीनमध्येही टाकून झालं. कोणाकडे असं जॅकेट असेल, मनालीहून आणलेलं मुलांचं जर्किन असेल किंवा गॅदरिंगसाठी शिवलेला अस्वलाचा पोशाख असेल, तर ठरवायला थोडी मदत व्हावी म्हणून लिहितो आहे. थंड पाणी, सौम्य लिक्विड, इस्त्री बिलकुल नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतंच. ते धरून पुढे जातो.

दुकानाचं आधी उरकतो. चिपळूण आमच्यापासून ४५ किलोमीटर. न्यायला एक फेरी, आणायला दुसरी. पहिल्या वर्षी एका दुकानात दिलं. धुतलं चांगलं होतं, पण शेवटी कोणीतरी सवयीने वाफेची इस्त्री फिरवली आणि डाव्या बाहीवर तळहाताएवढ्या जागेतले केस कुरळे होऊन कडक झाले. ही फर म्हणजे ॲक्रेलिक किंवा मॉडॅक्रिलिकचे धागे. उष्णतेने ते मऊ पडतात, मुडपतात आणि गार झाल्यावर तसेच राहतात. मग कितीही विंचरा, सरळ होत नाहीत. लेबलवर पाण्यात धुऊच नका असं असेल, किंवा खऱ्या चामड्याची पट्टी लावलेली असेल, तर दुकानाला पर्याय नाही. तेव्हा इस्त्री नको हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. बाकीच्यांनी घरी धुवायला हरकत नाही असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षी टपात धुतलं. खरं सांगायचं तर फरसाठी हाताने धुण्यासारखं दुसरं काही नाही. धुण्याआधी कोरडं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरून घेतलं. पालखीमागे फिरताना बसलेली लाल धूळ आणि थोडा गुलाल पडवीतल्या फरशीवर गळून पडला. मग विहिरीचं पाणी टपात घेऊन त्यात रिठ्याचं गाळलेलं पाणी घातलं. पैठणी आणि लोकरीसाठी आमच्याकडे आईच्या वेळेपासून रिठाच वापरतात. फरलाही तो मानवला. चोळायचं नाही, घासायचं नाही. तळहाताने दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पाणी चहासारखं लाल झालं. खंगाळायला मात्र पाणी बरंच लागलं. आमच्या १५ लिटरच्या बादलीने सात बादल्या गेल्या, तेव्हा कुठे फेस यायचा थांबला. साबण राहिला तर केस चिकट होतात आणि त्यावर धूळ दुप्पट बसते, म्हणून इथे कंटाळा करून चालत नाही. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली असते तेव्हा सात बादल्या जड वाटतात, हेही खरं. सगळं पाणी माडाच्या आळ्यात गेलं, एवढंच समाधान.

इथपर्यंत टपाला दहापैकी दहा. अडचण आली ती पुढे.

फरचा कपडा पिळता येत नाही. पिळला की मागचं विणलेलं कापड ताणलं जातं आणि केस पिळाच्या दिशेने कायमचे वाकतात. म्हणून दोन पंचांमध्ये गुंडाळून दाबून दाबून पाणी काढलं आणि पडवीत नायलॉनच्या पट्ट्यांच्या खाटेवर आडवं पसरलं. खाली तासभर थेंब टपकत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात फिरवला तर फर मऊ, फुललेली, अगदी कोरडी. मी ते कपाटात लावून टाकलं.

नोव्हेंबरमध्ये मुलीने कपाट उघडलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, याला कुबट वास येतोय.’’ अस्तर उलटून पाहिलं तर दोन्ही काखांच्या शिवणीवर मोहरीएवढे काळे ठिपके. वरून फर नव्यासारखी आणि आत बुरशी. ते जॅकेट तिला त्या हिवाळ्यात नेता आलं नाही. ती रिकाम्या हाताने गेली आणि मला फार लागलं.

हे का झालं ते नंतर लक्षात आलं. ॲक्रेलिकचा धागा स्वतः पाणी फारसं पीत नाही. दमट हवेतला ओलावा सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतो, ॲक्रेलिक जेमतेम दीड-दोन टक्के. त्यामुळे केस लवकर वाळतात आणि हाताला सगळंच वाळल्यासारखं भासतं. पाणी अडकून राहतं ते केसांच्या मुळाशी, मागच्या कापडात, खांद्याच्या आत शिवलेल्या सुती पट्टीत आणि जिथे कापडाचे चार थर एकत्र येतात त्या काखेच्या शिवणीत. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या कोरड्या हवेत ते दोन दिवसांत उडून जात असेल. आमच्याकडे मार्चच्या दुपारी वारा चांगला असतो, पण दिवस मावळला की हवा दमट होते आणि दिवसभरात वाळलेलं पुन्हा सर्द होतं. पुढे जुलैत तर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. कपाटात गेलेला ओलावा मग बाहेर यायचं नाव घेत नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षी मशीन. आमचं मशीन समोरून दार असलेलं आहे. जॅकेट उलटं केलं, चेन लावली, मोठ्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, थंड पाणी, एक जादा खंगाळणं, आणि पाणी काढताना सगळ्यात कमी वेग, म्हणजे आमच्याकडे मिनिटाला ४०० फेरे. मशीनमधून काढलं तेव्हा हातात घेताक्षणी फरक कळला. टपातलं जॅकेट दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं, हे एका हाताने उचललं. खाटेवर पसरलं तर खाली थेंब नाही. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी काखेची शिवणसुद्धा कोरडी लागली. वजनकाटा लावला नाही, पण गेल्या दोन नोव्हेंबरांत कपाट उघडल्यावर वास आलेला नाही. माझ्यापुरतं एवढं पुरेसं आहे.

मशीनचे त्रास नाहीत असं नाही. पहिल्या वेळी ड्रमचा तोल साधावा म्हणून मी सोबत दोन टर्किश टॉवेल टाकले. अभ्र्याची गाठ सुटली आणि टॉवेलचा पांढरा भुसा फरमध्ये असा बसला की एक अख्खी संध्याकाळ तो वेचण्यात गेली. आता टॉवेलऐवजी जुने सुती पंचे टाकतो, त्यांचा भुसा सुटत नाही. मनगटाजवळ, जिथे केस आधीच दबलेले होते, तिथे थोडा गुंता झाला. अर्धवट ओलं असताना मुळाशी दोन बोटांनी धरून टोकाकडून विंचरत गेलो तेव्हा तो निघाला. टपात धुतलं होतं तेव्हा असा गुंता झाला नव्हता, हे मान्य करायला हवं.

आणि लाईट. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की आमच्याकडे लाईट जाते. एकदा प्रोग्रॅम अर्ध्यावर असताना गेली ती तीन तासांनी आली, तोवर जॅकेट दार बंद असलेल्या ड्रममध्ये पाण्यात पडून. नुकसान काही झालं नाही, पण तेव्हापासून मी मशीन सकाळी लवकर लावतो. टपाला लाईट लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आणखी एका बाबतीत टप पुढे आहे. ही फर धुताना तिचे बारीक धागे सुटतात आणि ते प्लास्टिकच असतं. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं तेव्हा सहा किलो ॲक्रेलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात असं आढळलं. आमचं पाणी आळ्यात जातं, पुढे पऱ्ह्यातून खाडीला. टपातलं पाणी पंचातून गाळून ओतता येतं. मशीनच्या नळीला मी जुन्या पंचाची पिशवी बांधतो. ती मध्ये तुंबते, म्हणून शेजारी उभं राहावं लागतं. पिशवीत करड्या कापसासारखा गोळा जमतो, तो वाळवून कचऱ्यात टाकतो. एवढं केलं तर मशीन वापरताना मनाला टोचत नाही.

तरीही माझा कल मशीनकडेच आहे, आणि तो केवळ पाणी काढण्याच्या त्या शेवटच्या सहा-सात मिनिटांसाठी. किनाऱ्यावर फर खराब होते ती धुण्यापेक्षा न वाळण्याने, असा माझा अनुभव आहे. कोणाचा वेगळा असू शकेल. घाटावर राहणाऱ्यांना कदाचित टपच बरा पडेल.

बोटाच्या दोन पेरांहून लांब केस असतील तर मात्र मीही मशीनमध्ये धुणार नाही. तसलं जॅकेट टपात धुवावं आणि फक्त पाणी काढायला मशीनमध्ये टाकावं. सेमी ऑटोमॅटिक असेल तर धुण्याच्या भांड्यात मुळीच टाकू नये, खालचा पंखा कपड्याला पीळ देतो. त्याच्या ड्रायरमध्ये मात्र फर आतल्या बाजूला घेऊन, भिंतीला कडेने गोल बसवून एक मिनिट फिरवलं तरी बरंच पाणी निघतं. शेजारच्या वहिनींनी नातवाचं जर्किन असंच केलं, छान राहिलं. वरून टाकायच्या मशीनचा अनुभव मला नाही, पण तळाला पंखा असलेलं असेल तर तिथेही मी हाच मार्ग धरीन.

वाळवायला ऊन नको, सावलीतला वारा हवा. दोरीवर टांगलं की पाण्याच्या वजनाने खांदे उतरतात, म्हणून खाटच बरी. दर दोन-तीन तासांनी उलटायचं, हलकेच झटकायचं, आणि दिवस मावळायच्या आत घरात घ्यायचं. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून रुंद हँगरला लावावं. डांबरगोळ्यांची गरज नाही. कसर लागते ती लोकरीला आणि खऱ्या केसाळ कातड्याला, ॲक्रेलिकमध्ये तिला खायला काही नसतं. गोळ्यांचा वास मात्र फरमध्ये महिनोन्‌महिने राहतो. श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली की बाहेर काढून वाऱ्यावर ठेवावं, म्हणजे गणपतीच्या गडबडीत विसरलं तरी चालतं.

कपाटात लावण्याआधी मी आता फरवर हात फिरवून बघत नाही. जॅकेट उलटं करतो, बाहीत हात घालून काखेच्या शिवणीला बोटाचं मागचं पेर लावतो आणि थोडा वेळ तसंच धरतो. गार लागलं तर अजून एक दिवस खाटेवर.