वेर्ण्यातील सेंटरलेस ग्राइंडिंग : व्यासासोबत गोलाईही पाहणारे जॉबवर्क

गोव्यात टर्निंग आणि मिलिंग करून देणारे पुष्कळ आहेत, परंतु कडक केलेली पिन किंवा शाफ्ट मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापात ग्राइंडिंग करून हवी असेल, तर आमच्यासारखे छोटे उत्पादक बहुधा माल चोर्ला घाटातून बेळगावच्या उद्यमबागेत पाठवतात. गेल्या वर्षापासून आम्ही हे काम वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका जॉबवर्क कारखान्याकडे सोपवले आहे. पॅकिंग मशीनच्या गाइड पिना हा आमचा मुख्य माल असून, ईएन ३१ पोलादाच्या, हार्डनिंग केलेल्या या पिनांचा व्यास १६ मिमी आणि मर्यादा एच ६, म्हणजे शून्य ते उणे ११ मायक्रॉन इतकी असते. या कामाच्या अनुभवावरून मी हा कारखाना निःसंकोचपणे सुचवेन. दोन उणिवा आहेत, त्या पुढे सांगतो.

सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये भाग दोन सेंटरांत, म्हणजे दोन टोकांच्या अणकुचीदार आधारांत, पकडला जात नाही. तो खालच्या आधारपट्टीवर, म्हणजे ब्लेडवर, नुसता टेकलेला असतो. एका बाजूने ग्राइंडिंग व्हील त्याला घासते आणि दुसऱ्या बाजूचे, सावकाश फिरणारे रेग्युलेटिंग व्हील त्याची गती आवरून धरते. थ्रू-फीड पद्धतीत हे दुसरे चाक थोडे कलते ठेवतात, त्यामुळे पिना एकामागून एक आपोआप पुढे सरकतात. ३०० मिमी व्यासाचे चाक मिनिटाला ३० फेरे घेत असेल आणि कल ३ अंशांचा असेल, तर माल मिनिटाला साधारण दीड मीटर पुढे जातो. मोठ्या लॉटला ही पद्धत स्वस्त पडते ती यामुळेच.

मात्र भागाला स्वतःचा स्थिर अक्ष नसल्यामुळे या पद्धतीत एक दोष सहज शिरतो, तो लोबिंगचा. भागाचे केंद्र दोन्ही चाकांच्या मध्यरेषेपेक्षा पुरेसे वर नसेल, तर पिन गोल होण्याऐवजी किंचित तीन किंवा पाच उंचवट्यांची होते. ब्लेड फारच वर घेतले, तर भाग थरथरतो आणि पृष्ठभागावर चॅटरच्या खुणा उमटतात. तीन उंचवट्यांची पिन मायक्रोमीटरने कोठेही मोजली तरी व्यास सारखाच भरतो, आणि तरीही ती बुशमध्ये (पिन ज्यात सरकते त्या गोल नळीत) अडकते. पूर्वीच्या एका पुरवठादाराकडून आलेला लॉट आम्हाला याच कारणाने परत करावा लागला होता. त्यांच्या तपासणी अहवालात प्रत्येक व्यास मर्यादेच्या आत होता.

वेर्ण्याच्या या कारखान्यात मशीनशेजारच्या सरफेस प्लेटवर ६० अंशांचा आणि ९० अंशांचा असे दोन व्ही-ब्लॉक (गोल भाग टेकवण्यासाठी व्ही आकाराची खाच असलेले ठोकळे) ठेवलेले आहेत. ऑपरेटर पिन ६० अंशांच्या ब्लॉकमध्ये ठेवून डायल गेजखाली सावकाश फिरवतो, कारण तेथे तीन उंचवट्यांचा दोष डायलवर तिप्पट होऊन दिसतो. पण त्याच ब्लॉकमध्ये पाच उंचवट्यांचा दोष मुळीच दिसत नाही, म्हणून तीच पिन तो पुन्हा ९० अंशांच्या ब्लॉकमध्ये फिरवतो. एवढी काटेकोर तपासणी मी मोठ्या कारखान्यांतही क्वचितच पाहिली आहे. मशीनवरून नुकतीच उतरलेली पिन तो लगेच मोजत नाही, ही गोष्टही मला फार मोलाची वाटते. १६ मिमीच्या पोलादी पिनेचे तापमान १० अंशांनी जास्त असेल, तर व्यास सुमारे २ मायक्रॉनने वाढलेला दिसतो, आणि अकरा मायक्रॉनच्या पट्ट्यात एवढा फरक दुर्लक्षून चालत नाही.

पायरी असलेले एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) चे स्पिंडल येथे इन-फीड पद्धतीने, म्हणजे भाग पुढे न सरकवता चाक त्यावर आत नेऊन, करून मिळतात आणि त्यांचे फिनिशही चांगले असते. मात्र असे काम देण्यापूर्वी ग्राहकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी : या पद्धतीत पृष्ठभाग आधीच्या टर्निंगच्या सेंटरशी समकेंद्रित राहीलच, असे गृहीत धरता येत नाही. टर्निंगमधला रनआउट (फिरताना अक्षापासून होणारी डगमग) निघून जाईल या भरवशावर आलेला माल कारखानदाराने स्पष्टपणे नाकारला आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, म्हणजे भाग सेंटरांत पकडून केलेले ग्राइंडिंग, करून घेण्याचा सल्ला दिला. स्वतःचे काम सोडून दिलेला हा सल्ला मला प्रामाणिक वाटला. की-वे असलेल्या शाफ्टबाबतही त्यांचे म्हणणे योग्य आहे, की खाच ग्राइंडिंगनंतर पाडावी. आधी पाडलेली खाच ब्लेडवरून आणि चाकांवरून जाताना भागाला धक्के देते.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव पॅकिंगची आहे. गोव्याच्या पावसाळी, खाऱ्या हवेत नुकत्याच ग्राइंडिंग झालेल्या पोलादाला एका रात्रीतही गंज धरू शकतो, आणि इतक्या मेहनतीने साधलेल्या पिना केवळ कूलंट पुसून साध्या वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतात. गंजरोधक तेल आणि व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) आता आम्हीच मालासोबत पाठवतो. वास्तविक हा खर्च जॉबवर्कच्या दरातच धरलेला असायला हवा.

दुसरी उणीव लहान लॉटची. व्यास बदलला की ब्लेडची उंची, मार्गदर्शक पट्ट्या आणि ड्रेसिंग (चाकाचा पृष्ठभाग घासून नीट करणे) हे सारे नव्याने जुळवावे लागते, आणि त्याचे सेटिंग शुल्क नग थोडे असले तरी पूर्ण आकारले जाते. यात गैर काही नाही, परंतु दरपत्रकात ते वेगळे दाखवलेले नसल्याने पहिले बिल हाती आल्यावर ग्राहक बुचकळ्यात पडतो. एकाच व्यासाचा माल साचवून एकत्र दिला, तर दर निश्चितच परवडतो; दहा-वीस नगांच्या कामाला सिलिंड्रिकल ग्राइंडरच बरा.