गाळा की आठवडी बाजार?

भाच्याला बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये रेडिमेड कपड्यांचा धंदा टाकायचाय. गाळा घ्यावा की छोटा हत्ती टेम्पो घेऊन आठवडी बाजार करावेत, यात तो अडकलाय. मी दोन्ही करून बसलोय.

गाळ्याला डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. गिऱ्हाईक येवो न येवो, भाड्याची तारीख येतेच. गाडीलाही हप्ता असतो, पण डिझेल फिरलं तेवढंच आणि बाजाराची पावती त्या दिवसापुरती.

खरी मेख पैशाच्या हंगामात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचा पैसा आणि ऊसतोड मजुरांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोन्ही हातात येतं. मग टोळ्या कारखान्यावर जातात, गावं ओस. गाडीवाला तेव्हा बाजार बदलतो. गाळेवाला माशा मारतो.

उधारी? बाजारात रोख. गाळ्यावर ओळखीचा माणूस चहा पितो, दोन शर्ट काखेत मारतो आणि म्हणतो, 'लिहून ठेवा मामा.' 2015 च्या दुष्काळात माझ्या वहीची वीस पानं अशीच भरली. त्यातली काही अजून कोरी व्हायचीत.

पावसात मात्र गाडीचे हाल. एकदा ताडपत्री फाटली आणि अख्खा गठ्ठा भिजला, लाल ओढणीचा रंग पांढऱ्या बनियनांना. आणि लग्नाचा बस्ता रस्त्यावर कोणी बांधत नाही, तो गाळ्यालाच.

सहा महिने धंदा बसला तरी भाडं भरता येईल एवढी गंगाजळी असेल, तर गाळा. भांडवल उसनं असेल, तर गाडीच. भाच्याचं उसनं आहे, तेही माझ्याकडून.