‘सिल नवीन आहेत’ असं सांगून विकलेली एमजीबी

जाहिरातीत तीन गोष्टी होत्या: सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या) नवीन, खालून अंडरसील (गंज रोखणारा काळा लेप) मारलेलं, इंजिन मूळचं. इंग्लंडमधली १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बरीच वर्षं शेडमध्ये पडून. खोलायला घेतल्यावर यातली एकच गोष्ट खरी निघाली, ती म्हणजे अंडरसील. नेमकं त्याच्याच आड बाकीचं सगळं लपवलं होतं.

या गाडीला वेगळी चासी नसते. टप उघडा, म्हणजे वरून आधार नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतात ते दाराखालचे दोन सिल. प्रत्येक सिल म्हणजे पत्र्याची पेटी: आतला सिल, बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा आणि खालून किल्ल्याच्या तटासारखी घडी असलेली पट्टी, जिला कारागीर ‘कॅसल रेल’ म्हणतात. गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा पत्रा चाळणी झालेला दिसतो, तोवर मधला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

बाहेरचा सिल दाराच्या रुंदीएवढाच नसतो, तो पुढच्या आणि मागच्या मडगार्डखाली शिरतो. म्हणून नीट बदलायचा तर पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवावं लागतं आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे कष्ट टाळायला बाजारात ‘ओव्हरसिल’ मिळतो: कुजलेल्या सिलवर चढवायचं पत्र्याचं झाकण. वेल्डिंगचे चार टाके मारले, पुट्टी ओढली, रंग दिला की ‘सिल नवीन’. शब्दाला धरून बोलणं खोटंही ठरत नाही, पत्रा नवाच असतो ना! ताकद मात्र शून्य, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचून जे काही बरं उरलं होतं तेही कुजतं.

या गाडीत डावीकडच्या ओव्हरसिलच्या कडेला ग्राइंडर लावल्यावर आधी पिवळा फोम आला, मग वर्तमानपत्राचे बोळे. ते ओले होते. त्यामागे मधला पत्रा नव्हताच, हाताला नुसता तांबडा चुरा लागला. कॅसल रेलच्या जागी अंडरसीलचा जाड थर, आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला.

पाना हातात घेण्याआधी काय बघायला हवं होतं? मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलच्या खालच्या कडेवरून फिरवायचं. पुट्टीवर ते धरत नाही. मग गाडीखाली झोपून खालची कड बघायची. तिथे बाहेरचा सिल, मधला पत्रा आणि कॅसल रेल एकत्र येतात, त्या कडा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळं एकजीव काळं दिसलं, तर दाखवण्यासारखं काही शिल्लक नाही असंच धरा. शेवटी दार बंद करून मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजायची आणि गाडी सिलच्या जॅकिंग पॉइंटवर (जॅक लावायच्या जागेवर) उचलून पुन्हा मोजायची. फरक डोळ्याला दिसला, दार घासायला लागलं किंवा जॅकखाली कुरकुर ऐकू आली, तर सिल काम करत नाहीत. विकणारा ‘रंग नवीन आहे, जॅक नको’ म्हणाला तर उत्तर मिळालंच.

सीटमागच्या झाकणाखालीही बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसतात आणि ॲसिडने पेट्यांचा तळ खाल्लेला असतो. इथे एकीत नवी बारा व्होल्टची बॅटरी होती, दुसरीवर पत्रा ठोकून गालिचा चिकटवला होता.

इंजिनाचं थोडक्यात: नंबर ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, कोरलेला नसतो. पट्टी हलवता येते. इथल्या पट्टीवर ‘१८जीबी’ होतं, म्हणजे क्रँकशाफ्टला धरणाऱ्या पाच मेन बेअरिंगचं इंजिन. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवल्यावर तीनच निघाली, म्हणजे ब्लॉक १९६४ किंवा त्याआधीचा. तेलही मुद्दाम जाड भरलं होतं. गरम इंजिनाला तेलाचा दाब चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय (दाबाचं एकक) आणि उभ्या गाडीत आयडलिंगला १० ते २५ हवा. थंड इंजिनावरचा काटा बघून काही कळत नाही.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. म्हणजे खालून कोणीच बघत नाही, आणि अशा डागडुजीचं फावतं.

खरा घोळ पुढे होतो. उत्साहात दारं, इंजिन, काच उतरवली की कुजलेली बॉडी मध्येच वाकते, दाराची फट कायमची बिघडते, आणि विकणारा म्हणतो, ‘तुम्हीच वाकवली.’ ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतली असेल तर गाडी सदोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते, पण अर्धी खोललेली गाडी घेऊन हा हक्क सांगणं फार अवघड. खासगी विक्रीत तो हक्कच नाही. तिथे भांडायचं ते वर्णन खोटं होतं एवढ्यावरच. म्हणून जाहिरात आणि निरोप आधीच जपून ठेवा आणि संशय आला की तिथेच थांबा.

खोलायचंच ठरलं तर आधी २५ मिमीचा चौकोनी पाइप दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन्ही बाजूंना वेल्ड करा, एक आडवा डावीकडून उजवीकडे. स्टँड पुढच्या सस्पेन्शनखाली आणि मागच्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे बॉडीवर वजन रोजच्यासारखंच राहील. मगच कापा, एका वेळी एकच बाजू, आणि दर टप्प्याला मोजपट्टी धरून फोटो.

ते ओले बोळे फेकू नका. वाळवून उलगडले तर एखाद्या पानावर तारीख सापडते. या गाडीतली तारीख विकणाऱ्याने स्वतः गाडी घेतल्यानंतरची होती, आणि ‘मी अशीच घेतली होती’ हे त्याचं म्हणणं तिथेच संपलं.