जास्त भरलेलं ऑइल काढायला हातपंप: माझा अनुभव आणि मत

घरी गाडीचं ऑइल बदलणाऱ्यांकडे पाना असतो, नरसाळं असतं, पसरट टब असतो. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल वर ओढून घेणारा हातपंप मात्र फार थोड्या जणांकडे दिसतो. घरातल्या आणि नात्यातल्या बऱ्याच गाड्यांचं ऑइल मीच बदलते, त्यामुळे हा पंप माझ्या हाताखालून भरपूर गेलाय. पूर्ण ऑइल बदलायला तो ठीकठाक आहे. पण ऑइल प्रमाणाबाहेर भरलं गेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.

रचना अगदी साधी आहे. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी, वर हँडल आणि बाजूला नळी, जी चिमट्याने बंद करता येते. चिमटा लावून हँडल खालीवर केलं की टाकीतली हवा बाहेर जाते. मग पातळ नळी डिपस्टिकच्या जागी आत सोडायची आणि चिमटा उघडायचा, ऑइल आपोआप चढू लागतं. वीज नको, गाडीखाली शिरायला नको, जॅक नको.

परवा चुलतभावाने ४ लिटरचा अख्खा कॅन ओतला. मॅन्युअलमध्ये त्याच्या इंजिनाला फिल्टरसकट ३.५ लिटर लिहिलंय आणि त्याने फिल्टर बदललाच नव्हता, म्हणजे जुन्या फिल्टरमधलं ऑइल आतच होतं. शिवाय ऑइल सोडायचा इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढला तरी थोडं ऑइल आत राहतंच, ते कुणी मोजत नाही. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या कितीतरी वर. "ताई, थोडंसंच तर जास्त आहे, चालवली तर काय होईल?" असं त्याने विचारलं. चालवू नकोस, हेच माझं उत्तर होतं. पातळी एवढी वर गेली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, फिरताना ऑइलला लागू शकतो. मग ऑइलमध्ये हवा मिसळते, साबणाच्या पाण्यासारखा फेस होतो. ऑइल पंप तो फेस ओढतो आणि बेअरिंगपर्यंत पुरेशा दाबाने ऑइल पोचत नाही. म्हणजे ऑइल जास्त असूनही इंजिनाला ते कमी पडतं! काही ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, जाऊन जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. डिझेल इंजिनात तर इनटेकमध्ये भरपूर ऑइल गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर भरधाव सुटू शकतं आणि मग चावी फिरवूनही थांबत नाही.

ड्रेन बोल्ट सैल करून अर्धा-पाऊण लिटर ऑइल सोडता येतं हे खरं. मला ती पद्धत पसंत नाही. बोल्ट निघाला की धार अशी सुटते की नेमकं हवं तेवढंच सोडणं जमत नाही, कोपरापर्यंत ऑइल ओघळतं आणि नुकताच बसवलेला वॉशर पुन्हा बदलावा लागतो.

पंपाने हेच काम कसं करायचं ते नीट सांगते, कारण सोबतच्या माहितीपत्रकात ही युक्ती नसते. ते नळी तळाला टेकेपर्यंत घालायला सांगतात. ते पूर्ण ऑइल काढण्यासाठी बरोबर आहे. जास्तीचं ऑइल काढताना तळाशी जायचं कारणच नाही. डिपस्टिक बाहेर काढून पुसायची, पंपाची नळी तिच्या शेजारी धरायची आणि नळीचं टोक मॅक्सच्या खुणेच्या किंचित खाली येईल असं जुळवायचं. डिपस्टिकचा वरचा भाग जिथे टेकतो तिथे नळीवर रंगीत टेप गुंडाळायची. आता टेपपर्यंतच नळी आत घालायची. ऑइलची पातळी नळीच्या टोकापर्यंत उतरली की पंप हवा ओढू लागतो, नळीत बुडबुडे धावताना दिसतात आणि खुळखुळ आवाज येतो. तो आला की चिमटा लावायचा. भावाच्या गाडीत असंच केलं. दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक पाहिली, तर ऑइल मॅक्सच्या जरा खाली, अगदी हवं तिथे होतं.

ऑइल कोमट असावं. गार ऑइल बारीक नळीतून चढायला फार वेळ घेतं आणि कडक उकळतं असेल तर नळी मऊ पडून चिकटते.

आता तक्रारी. टाकीवरच्या खुणा अर्ध्या अर्ध्या लिटरच्या आहेत, त्यामुळे २०० मिलि काढलं की ३०० हे नुसतं बघून कळत नाही. टेपची युक्ती नसती तर याच कारणासाठी मी पंपाला नापास केलं असतं. जाड आणि पातळ नळ्या जोडायचा रबरी सांधा सैल बसतो आणि तिथून हवा शिरली की ओढ कमी होते, म्हणून मी तिथे क्लॅम्प लावला. नळी बाहेर काढताना टोकावरून ऑइल ठिबकतं, तेव्हा फडकं हातात तयार ठेवा. टाकीचं तोंड इतकं अरुंद आहे की आतून ती पुसताच येत नाही, त्यामुळे काढलेलं नवंकोरं ऑइलही आतल्या जुन्या काळ्या थरात मिसळून वाया जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पूर्ण ऑइल बदलताना मी अजूनही ड्रेन बोल्टच काढते. बोल्टच्या टोकाला धातूचा कीस लागलाय का, तळाशी गाळ आहे का, हे पंप कधीच दाखवणार नाही.

घेण्याआधी आपल्या गाडीला डिपस्टिक आहे ना, हे पाहा. काही नव्या गाड्यांत ती नसते, फक्त सेन्सर असतो. काही इंजिनांत तिच्या नळीची वळणं अशी असतात की पंपाची नळी मध्येच अडते. आणि ऑइल भरताना बरोबर होतं पण नंतर आपोआप वाढलं, असं असेल तर पंप बाजूला ठेवा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत तो फिल्टर साफ होताना जळायचं राहिलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. तेव्हा वरचं थोडं काढून भागत नाही, सगळंच ऑइल बदलावं लागतं. ऑइल दुधाळ दिसत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरल्याची शंका घ्या आणि गाडी सुरू न करता मेकॅनिकला दाखवा.

स्कूटर किंवा मोटरसायकलसाठी मात्र हा पंप घेऊ नका. तिथे जास्तीचं ऑइल बहुतेक वेळा १००-२०० मिलिच्या आत असतं. मोठी सिरिंज आणि तिला बसणारी वीतभर नळी त्यासाठी पुरते, आणि सिरिंजवरच्या खुणा पंपाच्या खुणांपेक्षा कितीतरी बारीक असतात.