सीलबंद स्पिटफायर, २३,४५० रुपये आणि मी गाढव

आधीच सांगतो, मी नवखा नाही, पंधरा वर्षं प्लास्टिकच्या विमानांची, सुटे भाग जोडून रंगवायची किट बनवतोय. त्यामुळे "लोभ नडला" वगैरे ऐकवू नका, ते घरच्यांनी ऐकवून झालंय.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं १/२४ स्केलचं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान), पहिल्यांदा १९७० मध्ये आलेलं. पंख जवळजवळ ४७ सेंटीमीटर, आत मर्लिन इंजिन. लहानपणी एकांच्या कपाटात बघितलं तेव्हापासून डोक्यात बसलेलं. एका साइटवर जाहिरात होती, "१९७० ची पहिली आवृत्ती, सीलबंद, १८,५०० रुपये". विकणारा माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. डीकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं) पिवळे पडले असतील तर खिडकीच्या काचेला लावून उन्हात ठेवा, हे त्यानेच सांगितलं (आणि ते खरंय, पिवळेपणा उतरतो). किट न बनवणारा माणूस हे कशाला सांगेल, असं वाटलं. मग म्हणाला साइटवरून नको, कमिशन जातं, थेट खात्यात टाका. टाकले. वर कुरिअरचे १,२००.

आता जिथे माझी अक्कल गहाण पडली ते सांगतो. खोक्याच्या बाजूच्या फोटोत कोपऱ्यात अर्धवट कापलेल्या काळ्या उभ्या रेघा होत्या. बारकोड! दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला जून १९७४ मध्ये, हे मला माहीत होतं, यावरून मी दुसऱ्यांना शहाणपणा शिकवलाय. मी तो फोटो झूम केला, बघितला, आणि स्वतःलाच समजावलं की दुकानदाराने नंतर स्टिकर लावला असेल. रात्रीचे साडेअकरा, समोर हवं ते किट, मन कशालाही हो म्हणतं हो.

खोकं आलं. वरचं प्लास्टिक नवंकोरं चकचकीत आणि त्याच्या आत खोक्याच्या कडा झिजून पांढऱ्या. उघडलं तर निम्मे पार्ट स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) कापलेले, इंजिनच्या अर्ध्या भागाच्या कडेला वाळलेला ग्लू, आणि डाव्या पंखावर ग्लूच्या हाताने दाबलेला कुणाचातरी अंगठा, प्लास्टिक विरघळून रेघ न रेघ उमटलेली. काचेची स्प्रू गायब, म्हणजे कॅनपीच (पायलटच्या डोक्यावरची काच) नाही.

त्याला फोन केला तर म्हणे अरे, ती चुकून माझ्याकडेच राहिली, दुसऱ्या किटमधून चांगली देतो, ३,७५० पाठवा. आणि मी पाठवले. हो, दुसऱ्यांदा. कारण कॅनपीशिवाय ते विमान म्हणजे नुसता पत्रा, आणि १८,५०० तर आधीच गेले होते ना. त्यानंतर नंबर बंद.

बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. साइटवाले म्हणाले व्यवहार आमच्याबाहेर झाला. कुरिअरवाले म्हणाले खोकं पोचलं ना, मग झालं. पोलीस चौकीत दोन तास बसलो, साहेब म्हणाले "विमान म्हणजे ड्रोन का?" मी म्हटलं नाही, प्लास्टिकचं, जोडून रंगवायचं. "म्हणजे खेळणं." तिथेच संपलं. अर्ज घेतला, पोच दिली नाही, पुन्हा गेलो तर ज्यांनी घेतला ते रजेवर, तिसऱ्यांदा गेलो तर सांगितलं वस्तू तर मिळालीये, मग फसवणूक कसली, आपसात मिटवा. कुणाशी मिटवू, बंद नंबरशी? तेवीस हजार चारशे पन्नास गेले आणि वर हसं झालं.

सीलवर विश्वास ठेवू नका, प्लास्टिक गुंडाळायचं मशीन कुणीही विकत घेतं. उघडून स्प्रूचे फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा, नाही म्हणाला तर सोडा. काचेच्या स्प्रूचा फोटो वेगळा मागा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मी नाही काढला. आणि जुने डीकल थेट पाण्यात टाकू नका, तुकडे होतात, आधी क्लिअर वार्निशचा हात द्या, एक नको असलेला डीकल भिजवून बघा. याचा फसवणुकीशी संबंध नाही पण माझे तसेही गेले.

पंखावरचा अंगठा पुट्टी भरून घासला, वर डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ मारून बघितलं, रंग छान बसला. कुणाकडे या किटची काचेची स्प्रू जास्तीची असेल तर सांगा. फोटो आधी, तारखेसकट.